कॉम्प्युटरवर काम आणि पायाखाली सायकल : याला व्यायाम म्हणायचं का?

हात कीबोर्डवर, नजर स्क्रीनवर आणि टेबलाखाली पाय मात्र पेडलवर. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दीड-दोन हजारांच्या छोट्या पेडलपासून टेबल जोडलेल्या महागड्या एक्सरसाइज बाइकपर्यंत सगळं आता ऑनलाइन मिळतं. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझ्या रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’ असा शेरा आला. वय २८, रोज नऊ तास खुर्चीत. मीही एक पेडल मागवलं. त्याचा खरंच किती उपयोग होतो, ते समजून घेऊया.

बसून राहण्यात एवढं वाईट काय?

लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे, कंडक्टर जिने चढ-उतार करायचे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. बसून राहण्यावरच्या संशोधनाची ही सुरुवात मानली जाते.

कारण सोपं आहे. पायाचे मोठे स्नायू हलले की रक्तातली साखर वापरतात, बसून राहिलं की हे काम मंदावतं. २०१२ मधल्या एका प्रयोगात दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर सलग बसलेल्यांपेक्षा कमी वाढली.

पेडल मारून किती कॅलरी जळतात?

शरीराचे कष्ट ‘मेट’ या एककात मोजतात. शांत बसणं म्हणजे १ मेट, खुर्चीत बसून टायपिंग साधारण १.३ मेट. एक्सरसाइज बाइकवर ३० ते ५० वॅटचं हलकं पेडलिंग साधारण ३.५ मेट धरलं जातं. १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ कॅलरी. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या तासाभरात नुसतं बसण्यापेक्षा दीडशेच्या आसपास कॅलरी जास्त जळतात. एक वडापावही पूर्ण वसूल होत नाही!

पेडलवरच्या छोट्या स्क्रीनचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. स्वस्त मॉडेल फक्त फेऱ्या मोजतं. तुमचं वजन किती, पेडल किती जड ठेवलंय, हे त्याला कळत नाही.

मग रोजचं चालणं बंद केलं तर चालेल?

माझी चूक इथेच झाली. ‘सायकल झालीच की’ म्हणत मी संध्याकाळचं चालणं सोडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. मध्यम म्हणजे किमान ३ मेट. ओळख अशी : बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. कामात डोकं गुंतलं की पाय आपोआप मंदावतात आणि आपण या पातळीच्या खाली येतो. म्हणून श्वास थोडा वाढलेली मिनिटंच व्यायामात धरा. बाकीची मिनिटं ‘बसून राहणं मोडलं’ या खात्यात जमा करा. तीही कामाची आहेत, पण ती चालण्याची जागा घेत नाहीत.

कामावर परिणाम होतो का?

होतो, पण कामाकामात फरक आहे. सायकल चालवताना टायपिंगपेक्षा माउसचं काम जास्त बिघडतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. माझाही अनुभव तोच. मीटिंग ऐकणं, मेल वाचणं, ट्रेनिंगचे व्हिडिओ पाहणं यासाठी पेडल उत्तम. डिझाइन, आकडेमोड किंवा किचकट कोड असेल तर पाय थांबवलेलेच बरे.

घेण्याआधी काय पाहाल?

• गुडघा : पेडल सर्वांत वर आल्यावर गुडघा टेबलाला लागतो का, हे आधी मोजून घ्या. बहुतेकांची निराशा इथेच होते.

• खुर्ची : चाकांची खुर्ची मागे सरकते. चाकांना लॉक हवं, नाहीतर साधी खुर्ची घ्या.

• आवाज : चुंबकाच्या रेझिस्टन्समध्ये भाग एकमेकांना घासत नाहीत, त्यामुळे आवाज कमी. स्क्रू आवळून घर्षणावर चालणारं पेडल गरम होतं, कुरकुरतं आणि मीटिंगमध्ये ऐकू जातं.

• बसणं : कोपर काटकोनात, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला. पोक काढून पेडल मारलं तर पाठ-मान दुखणारच.

गुडघेदुखी, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, १५-१५ मिनिटं. एक वेळ दुपारच्या जेवणानंतरची ठेवा, साखर तेव्हाच वाढते. दर तासाला एकदा उठून पाण्याची बाटली भरून या. माझं पेडल अजून टेबलाखाली आहे, मीटिंग सुरू झाली की पाय चालू होतात. आणि संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा चालायला जातो.