संगणकाची पत्रिका

आमच्या घराण्यात भुताखेतांवर कुणाचा विश्वास नाही. पण गेल्या आषाढात माझ्या टेबलावरच्या संगणकाने आठ दिवस जो खेळ मांडला, तो पाहून आमच्या सौ.ने त्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची भाषा सुरू केली आणि मी तिला अडवले नाही.

माझा धंदा अक्षरजुळणीचा. पूर्वी खिळे जुळवीत, आता संगणकावर जुळवतात, एवढाच फरक. एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचे पुस्तक हाती होते. पाने १८०. पंचाहत्तरीच्या दिवशी, कार्तिकात, ते आप्तेष्टांच्या हाती द्यायचे असा त्यांचा संकल्प. छायाचित्रे पुष्कळ आणि संगणक दमू लागलेला. तेव्हा मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो आणि यंत्रातल्या दोन रॅमना जोड म्हणून आणखी दोन घेऊन आलो. आठ-आठ जीबीच्या, डीडीआर-४, त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या. वर वेगाचा आकडाही तोच, ३२००. रिकाम्या खाचांत बसवल्या, सोळाचे बत्तीस जीबी झाले, आणि त्या रात्री मी सुखाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पडदा निळा झाला. अकराला यंत्र आपले आपण बंद पडून पुन्हा सुरू झाले. मग दीड दिवस काही नाही! वाचकहो, खरे दुखणे हेच. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या तापावर औषध देता येते. हा ताप कधी येई, कधी न येई, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचा निरोप निराळा. मी विजेच्या दाबाला दोष दिला, धुळीला दिला, शेवटी विंडोज पुसून नव्याने घालायला घेतले. तर तेही अर्ध्या वाटेवर ‘फाइल खराब आहे’ म्हणून थांबले. त्याच पेनड्राइव्हवरून शेजाऱ्याच्या संगणकात ते मुकाट्याने बसले होते!

इतक्यात भाचा आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मुरलेल्या वैद्यासारखा एकच प्रश्न विचारला, “मामा, तू यात नवीन काय घातलंस?”

“रॅम. पण कोऱ्या करकरीत, सीलबंद!”

“मग मेमटेस्ट लावू.”

हा मेमटेस्ट म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारा एक छोटा कार्यक्रम. विंडोजला जागे न करताच तो चालतो. रॅमच्या घराघरात ठरावीक नमुने लिहितो, पुन्हा वाचतो, आणि लिहिलेले व वाचलेले जुळले नाही की तांबडी ओळ दाखवतो. एकही तांबडी ओळ चालत नाही. पहिल्या रात्री जुन्या दोघी तपासल्या, निष्कलंक. दुसऱ्या रात्री नव्या दोघी, त्याही निष्कलंक. मी विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिले. तिसऱ्या रात्री चारही एकत्र बसवल्या, आणि दुसऱ्या फेरीत पडदा तांबड्या ओळींनी भरला.

म्हणजे दोष कुणातच नव्हता. जोड्याच जुळत नव्हत्या. वर कंपनीचे नाव एकच असले तरी आतल्या चिप्स वेगवेगळ्या घडणीच्या असू शकतात, हे मला तेव्हा कळले. आणि ३२०० चा आकडा म्हणजे मुलीकडच्यांनी सांगितलेले गुण! डीडीआर-४ चा प्रमाणित वेग १६०० पासून सुरू होतो. माझ्या रॅमना ३२०० गाठायला मदरबोर्डच्या बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते, दाबही १.२ व्होल्टऐवजी १.३५ द्यावा लागतो. त्या वेगाला एकेका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच जातो. एका तारेवर एकाऐवजी दोन रॅम टांगल्या की संकेत घुमू लागतो, रिकाम्या सभागृहात आवाज घुमावा तसा. मग शून्याचे एक वाचले जाते. मदरबोर्डचे कर्ते आपल्या संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादी देतात, त्यात कोणत्या रॅम एका वेळी किती चालतात हेही असते. मी ती पत्रिका पाहिलीच नव्हती. लग्न लावून मोकळा!

उपाय मात्र साधा निघाला. आधी बायोस नवे केले. चुका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. मग एक्सएमपी बंद करून वेग २६६६ वर बांधला. रात्रभर एक तांबडी ओळ नाही. अक्षरजुळणीत तो गेलेला वेग मला कधी जाणवला नाही.

पण त्या आठ दिवसांत सुमारे ऐंशी पाने मी त्याच आजारी यंत्रावर जुळवून साठवली होती. रॅमने चूक केली तर यंत्र बंद पडतेच असे नाही; कधी ते निमूटपणे चुकीचे अक्षर लिहून ठेवते. मी गुरुजींना खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन येऊन बसू लागले.

९४व्या पानावर थांबले. “अहो, हे बघा. ‘पुढे काय झाले’ असं लिहिलं होतं मी. इथे ‘पुढे गाय झाले’ आहे. हे यंत्राचं की तुमचं?”

मी पाहत राहिलो. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘ग’चा २३२७, एक बिट उलटला की झाले. पण इनस्क्रिप्टच्या कळफलकावर ‘ग’ची कळ ‘क’च्या डोक्यावरच बसलेली असते, आणि माझी बोटेही आता पन्नाशीच्या पुढची आहेत.

“सांगता येत नाही, गुरुजी,” मी म्हणालो.

त्यांनी ‘गाय’वर काट मारली, समासात ‘काय’ लिहिले आणि पान उलटले.