पॅनेलिंगच्या आड दडलेली भिंत

नागपुरात लक्ष्मीनगरला आमच्या मामांचं घर आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन डोळे दिपवतं आणि दिवाणखान्यात भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत गडद तपकिरी पॅनेलिंग आहे. १९८४ साली ते झालं तेव्हा नातेवाईक मुद्दाम बघायला आले होते. आता सून म्हणते, "बाबा, बँक मॅनेजरच्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटतं." धरमपेठ, रामदासपेठेतल्या त्या काळच्या घरांतही हेच ऐकू येतं. मग कुणी वरून पांढरा रंग फासतो, तर कुणी सगळंच उखडतो.

त्याआधी स्विचबोर्ड खोलून पॅनेलची कड बघावी. प्लायच्या थरांवर कागदासारखा लाकडाचा पापुद्रा असेल तर ते व्हिनियर, कडक चकचकीत थर असेल तर सनमायका आणि आरपार एकच रेषा असेल तर सरळ फळी. मामांकडे बहुतेक व्हिनियर निघालं, पण दाराशेजारी चक्क सागाच्या फळ्या होत्या. सुतारानं कोपरा खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, "काकाजी, हे तोडाचं नाही बरं. चंद्रपूरकडचा माल आहे."

लकडगंजात ज्याला अजून 'सीपी सागवान' म्हणतात, तो हाच. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. प्रांत जाऊन जमाना झाला, नाव लाकडाला चिकटून राहिलं. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, त्याच वर्षी बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठीही गेला. घरचा साग मात्र आपण भंगाराच्या भावानं देऊन टाकतो.

शिवाय काळोख बहुधा लाकडाचा नसतो, पॉलिशचा असतो. तेव्हा महोगनी रंगछटेची फॅशन होती, त्यावर चपड्याचे हात चढत गेले आणि उदबत्तीचा धूर बसला. चपडा म्हणजे लाखच. स्पिरिटात बुडवलेला बोळा आडोशाला दोन मिनिटं दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा आहे, तो स्पिरिटनं उतरतो. काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन. तिथे घासण्याला पर्याय नाही आणि व्हिनियरचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. मशीन फिरलं की दोन मिनिटांत खालचा प्लाय दिसतो. हातानं, रेषेच्या दिशेनं, बारीक पॉलिशपेपरनंच घासायचं.

रंगच द्यायचा असेल तर जरूर द्या, सनमायकाला तर तोच उपाय. पण आधी खरवडून चमक मारा, मग प्राइमर. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लेकरांच्या नाकातोंडात जाता कामा नये. पेपर ओला करून घासा.

खरी गंमत पॅनेलच्या मागे असते. पुष्कळ घरांत ते शोभेपेक्षा ओल लपवायलाच ठोकलेलं असतं. आणि आपल्याकडे वर्षाचे तीन महिने खिडकीत कूलर! मामांच्या कूलरकडच्या भिंतीचं पॅनेल काढलं तर मागे पिस्ता रंगाचं डिस्टेंपर, त्यावर लोणा, खालच्या पट्ट्यांत वाळवीची मातीची नळी आणि लाकडी पट्टीतून नेलेली, इन्सुलेशन कडकडीत झालेली वायर. यावर पांढरा रंग मारला असता तर दिवाणखाना उजळला असता आणि वाळवी आत निवांत जेवत राहिली असती.

मुहूर्ताचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात फळ्या आक्रसून फटी पडतात. तेव्हा लांबी भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगून ती बाहेर फेकतं. पावसात पॉलिश केलं तर त्यावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची थंडी उत्तम.

मामांनी दाराशेजारच्या फळ्या ठेवल्या. पॉलिश उतरवल्यावर त्या मधासारख्या दिसू लागल्या. समोरच्या भिंतीवर कमरेइतकंच लाकूड ठेवून वर फिकट रंग द्यायचा ठरलाय. कूलरकडची भिंत प्लास्टर खरवडून उघडी ठेवली आहे. ती पुरती सुकेपर्यंत सुतार यायला तयार नाही. पॅनेलच्या पाठीवर १९८४ च्या सुतारानं पेन्सिलीनं मांडलेला फूट-इंचांचा हिशेब आहे. सून तो तुकडा टाकायला निघाली होती, मामांनी तो कपाटामागे उभा करून ठेवलाय.