जुन्या मोटारीचा भरवसा

एखादी मोटार भरवशाची आहे असे लोक म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दात दोन निराळे अर्थ मिसळलेले असतात. गाडी वारंवार बिघडत नाही, हा पहिला अर्थ. आणि बिघडलीच तर थोड्या वेळात, थोड्या पैशांत, जवळ सापडेल त्या मिस्त्रीच्या हातून पुन्हा चालू होते, हा दुसरा. अर्धशतकाहून अधिक काळ भारताच्या रस्त्यांवर वावरलेली अँबॅसेडर पहिल्या अर्थाने कितपत भरवशाची होती याविषयी मतभेद होतील. दुसऱ्या अर्थाने मात्र तिची बरोबरी करणाऱ्या गाड्या थोड्याच झाल्या. तिच्या उतारवयात मालकांच्या वाट्याला जो मनस्ताप आला, त्याचे मूळ हा दुसरा भरवसा हळूहळू सुटत गेला यात आहे.

इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीचा तिसरा नमुना घेऊन कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ च्या सुमारास अँबॅसेडर तयार होऊ लागली. तिची रचना सरळ होती. बॉनेट उघडले की इंजिनाभोवती हात फिरवण्यास पुरेशी जागा असे आणि बहुतेक भाग साध्या पान्यांनी सुटत. त्यामुळे हमरस्त्यावरच्या लहानशा गावातला मिस्त्रीही ती निर्धास्तपणे उघडी. बाह्य रूप फारसे न बदलता ती इतकी वर्षे निघत राहिली की तिची दुरुस्ती ही जणू देशभर पसरलेली एक विद्याच झाली.

वय झालेल्या गाडीचा सर्वांत त्रासदायक गुण म्हणजे तिचे दुखणे लपून राहते. उन्हाळ्यातील प्रसंग घ्यावा. पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी भर दुपारी चढावर बंद पडते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या किंवा पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही, म्हणून कार्ब्युरेटरला इंधन मिळत नाही. चालक पंपावर ओले फडके ठेवून सावलीत बसतो. अर्ध्या तासाने गाडी सुरू होते, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये नेली तर दोष म्हणून काही सापडत नाही. ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सरही असाच तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखा वागतो. डिझेलच्या गाडीत ठिणगीचा प्रश्न नसतो. पण इंधनाच्या नळीचा एखादा जोड सैल झाला की आत हवा शिरते आणि सकाळी इंजिन दाद देत नाही. दोष डोळ्यांना दिसत नसला की मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत जातो, आणि प्रत्येक अंदाजाची किंमत मालक भरतो.

दुसरी अडचण झिजेची. गाडीचे सर्व भाग एकमेकांच्या संगतीने झिजलेले असतात. जुन्या इंजिनात नव्या रिंगा बसवल्या की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तो भार खालच्या जुन्या बेअरिंगांवर पडतो. गळका रेडिएटर दुरुस्त केला की पाण्याच्या दाबाने जीर्ण झालेली रबरी नळी फुटते. मालकाला वाटते, मिस्त्रीने फसवले. पुष्कळदा फसवणूक नसते; एक भाग तरुण झाल्यामुळे शेजारच्या भागाचे वय उघडे पडलेले असते.

तिसरी अडचण सुट्या भागांची. अँबॅसेडर बाहेरून एकसारखी दिसली तरी तिच्या पोटात निरनिराळी इंजिने होती: १४८९ घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन, पुढे आलेले डिझेल इंजिन आणि १९९० नंतरच्या काळातले इसुझूचे इंजिन. एकाचा भाग दुसऱ्याला चालेलच असे नाही. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे काम थांबले आणि नव्या गाड्या येणे बंद झाले. मग कलकत्त्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट अशा मोडीच्या बाजारांचे महत्त्व वाढले. मोडीत निघालेल्या एका अँबॅसेडरच्या भागांवर दुसरी चालू राहते. परंतु असे घेतलेले भाग आधीच अर्धे झिजलेले असतात. शिवाय केवळ आवाज ऐकून दोष ओळखणारे वृद्ध मिस्त्री कमी होत जातात, आणि संगणकाने नियंत्रित होणाऱ्या गाड्यांवर शिकलेल्या तरुणाला कार्ब्युरेटर जुळवण्याचा प्रसंगच येत नाही.

हौशी मालकाला हा सारा नुसता मनस्ताप. टॅक्सीचालकाला तो पोटाचा प्रश्न. कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सीचा चालक पुष्कळदा बिहारमधून आलेला, गावी पैसे पाठवणारा असतो. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, जेवणाखाण्याचा खर्च मात्र थांबत नाही. म्हणूनच तो पक्की दुरुस्ती पुढे ढकलतो, तात्पुरत्या इलाजावर दिवस काढतो आणि तोच बिघाड मोठा होऊन परत येतो. पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने रस्त्यावरून काढावीत असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ साली दिला. गाडीवर मोठा खर्च करावा की राहिलेले दिवस तशीच रेटावी, हा पेच त्यामुळे अधिकच कठीण झाला.

त्यावर जुन्या जाणकारांचा उपाय साधा आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग आणि खर्च वहीत टिपावा. बिघाड झाला तेव्हा ऊन होते की पाऊस, गाडी तापलेली होती की थंड, हेही लिहावे. लपणारा दोष अशा नोंदींतून पुष्कळदा पकडला जातो. वर्षअखेरीस बेरीज करताना गॅरेजच्या बिलांबरोबर बुडालेले दिवसही मोजावेत. ती बेरीज गाडीच्या कमाईला गाठू लागली, म्हणजे मिस्त्री कितीही कुशल असला तरी गाडी विकण्याची वेळ आली असे समजावे. वही नसेल, तर हा निर्णय बहुधा रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीशेजारी उभे राहून रागाच्या भरात घेतला जातो.