वेदना एक, विकार दोन

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, बीजवाहिन्यांवर वा ओटीपोटाच्या आवरणावर वाढली, तर त्या विकारास ‘एंडोमेट्रिओसिस’ म्हणतात; ती गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीतच शिरली, तर ‘ॲडेनोमायोसिस’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना यांपैकी पहिला विकार असतो. दोन्ही विकार इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात आणि अनेकदा एकाच स्त्रीमध्ये आढळतात. त्यामुळे गर्भाशयाबाहेरील ऊती शस्त्रक्रियेने काढूनही पाळीतील वेदना वा अतिरक्तस्राव कायम राहू शकतो. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआयद्वारे गर्भाशयाची भिंतही तपासून घ्यावी. ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी निदान लांबते. नित्याची कामे थांबवणारी वेदना अंगावर काढू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना वेळीच दाखवावे.