वहीत नसलेली नोंद

आपल्या घराण्यांत हिशेबाची वही जितक्या काळजीने जपली जाते, तितक्याच श्रद्धेने वंशाची वहीही जपली जात असे. मारवाडातून काही वर्षांनी भाट येत, ओसरीवर बसून सात-आठ पिढ्यांची नावे वाचून दाखवीत आणि नवजात मुलांची नावे लिहून घेत. त्या वहीत एक उणीव मात्र होती. मुलगी सासरी गेली की तिची शाखा तेथेच थांबे. ही उणीव आमच्या कुटुंबाला जाणवली ती एका डीएनए चाचणीमुळे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने हौसेखातर लाळेचा नमुना तपासणीस दिला. कंपनीने पाठविलेल्या नातेवाइकांच्या यादीत एक अनोळखी नाव होते आणि त्यापुढे आकडा होता २३१ सेंटिमॉर्गन. ती स्त्री नेदरलँड्समध्ये वाढलेली, १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील एका अनाथाश्रमातून दत्तक गेलेली. तिने लिहिले होते, "मला काही मागायचे नाही. माझी माणसे कोणत्या गावची, एवढे कळावे."

सेंटिमॉर्गन हे दोन व्यक्तींच्या डीएनएतील समान भागांचे माप आहे. आईवडील आणि अपत्य यांच्यात ते सुमारे ३,४०० भरते. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत सरासरी ८५० च्या आसपास, तर अशा भावंडांच्या मुलांमध्ये आपापसांत सुमारे २३०. त्याच्या पुढच्या पिढीत दहांपैकी एखाद्या जोडीत मोजण्याइतका समान भाग उरतही नाही. म्हणजे आकडा नात्याचे अंतर सांगतो. नाते कोणत्या बाजूचे, हे सांगत नाही.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे. चार साखा टाळून का होईना, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या ज्ञातीतच झाल्या. त्यामुळे अनेक दूरच्या पूर्वजांकडून आलेले बारीक तुकडे एकत्र होऊन बेरीज फुगते. म्हणून केवळ बेरीज न पाहता सलग तुकड्यांची लांबी पाहावी लागते. लांब तुकडे जवळचा पूर्वज दर्शवितात. येथे तुकडे लांब होते.

बँकेत आयुष्यभर ताळमेळ जुळविले असल्याने मला स्वस्थ बसवेना. पुढच्या वर्षी पुतण्याकडे गेलो असता मीही नमुना दिला. माझा तिच्याशी आकडा ४१२ निघाला. म्हणजे नाते आमच्याच बाजूचे, पुतण्याच्या आईकडचे नव्हे. तिकडेच स्थायिक झालेल्या एका चुलतभावाने आणि एका मामेभावाने चाचणी केली. चुलतभावाशी तिचा मेळ नगण्य, मामेभावाशी मात्र जवळजवळ माझ्याइतकाच. ती माझ्या आजोळची होती, पण मामाच्या घरातली नव्हती. आणि मामा मला एकच. उरल्या दोन मावश्या. भाटांच्या वहीत त्यांची लग्ने होती, लेकरे नव्हती.

येथवर शास्त्राचे काम संपले. पुढचा निर्णय आमचा होता. घराण्याची अब्रू, मालमत्तेचे दावे अशा शंका निघाल्या. खरे सांगायचे तर, उत्तरच देऊ नये असे प्रथम म्हणणारा मीच होतो. हयात असलेल्या धाकट्या मावशीला सारे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, "तिला मुलेबाळे आहेत का?" त्या प्रश्नापुढे माझे सारे युक्तिवाद लटके पडले.

ज्या व्यक्तीचे हे गुपित होते, तिला मी एकांतात भेटलो. तिच्या संमतीवाचून एक अक्षरही कळवायचे नाही, हे आधीच ठरले होते. नाव कळवू नये, गाव कळवावे, असे तिने सांगितले. संवत्सरीच्या दिवशी पत्र गेले. त्यात गावाचे नाव होते आणि खमतखामणा होता.

हौसेने चाचणी करणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, हा नमुना एकट्याचा नसतो. त्यात सारे कुटुंब नोंदले जाते. ट्वेंटीथ्रीअँडमी या मोठ्या कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पेढीवर ठेव ठेवताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी येथेही करावी. दुसरी, अनपेक्षित नाव आले तर काय उत्तर द्यायचे, याचा विचार नमुना देण्यापूर्वीच घरात व्हावा. आकडा संगणक देतो, उत्तर माणसांना द्यावे लागते.

मी आता घरच्या वहीत लेकींच्या शाखाही लिहू लागलो आहे. आजोळच्या पानावर एक जागा कोरी ठेवली आहे. ती कधी भरायची, हे ठरविण्याचा अधिकार माझा नाही.