हॅन्सनचा वारसा : एक जंतू आणि एक निकाल

नॉर्वेच्या थोर माणसांची नावे निघाली की इब्सेन, नान्सेन, अमुंडसेन आपल्याला आठवतात. मला मात्र बर्गनच्या गेरहार्ड आर्माउर हॅन्सन या डॉक्टरचा वारसा अधिक जवळचा वाटतो. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणत, त्या कुष्ठरोगाचा जंतू त्याने १८७३ मध्ये पाहिला. त्याच्या वारशाला दुसरी बाजूही आहे. ती जरा अवघड आहे, म्हणूनच सांगावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब शेतकरी आणि कोळी कुटुंबांत, कुष्ठरोगाचे सुमारे तीन हजार रुग्ण होते. १८५६ मध्ये सरकारने त्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. रुग्ण कोणत्या गावचा, नात्यात आणखी कोणाला रोग आहे, हे सारे तीत टिपले जाई. बर्गनमधला मोठा अधिकारी डॉक्टर डॅनिएलसन रोग आनुवंशिक मानत होता. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या आणि पुढे त्याचाच जावई झालेल्या हॅन्सनने मात्र रोग संसर्गजन्य असल्याचे मत मांडले. रुग्णांच्या गाठींमधला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्याला काडीसारखे जंतू दिसले. एखादा जुनाट रोग विशिष्ट जंतूमुळे होतो, असे सांगणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी तो एक ठरला.

याच सुमारास मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर तिथली कुष्ठालये पाहण्यासाठी नॉर्वेला गेले. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली चित्रे काढणारे ते हेच कार्टर. बर्गन आणि मुंबई यांचा धागा असा दीडशे वर्षांचा आहे.

जंतू दिसला, पण रोग त्याच्यामुळेच होतो हे सिद्ध कसे करायचे? हा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात वाढत नाही. आजही कोणाला ते जमलेले नाही. त्यातच १८७९ मध्ये जर्मनीच्या आल्बर्ट नाइसरने हॅन्सनकडून मिळालेले नमुने रंगवून जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधाच्या श्रेयावरून वाद पेटला. त्याच वर्षी हॅन्सनने दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात सुईने टोचला. तिला रोगाचा वेगळा प्रकार आधीपासूनच होता. तिची परवानगी मात्र त्याने घेतली नव्हती.

प्रकरण कोर्टात गेले. १८८० मध्ये निकाल लागला आणि हॅन्सनला रुग्णालयातल्या डॉक्टरच्या पदावरून दूर व्हावे लागले. कुष्ठरोग विभागाचे मुख्य वैद्यकीय अधिकारीपद मात्र त्याच्याकडेच राहिले. त्यानंतर १८८५ च्या कायद्याने रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद झाली आणि तिच्यामागेही हॅन्सनच होता. नॉर्वेतला रोग ओसरला, पण त्यात सक्तीचा वाटा किती आणि सुधारलेल्या राहणीचा किती, यावर आजही एकमत नाही.

माझ्या मते या निकालाचे मोल जंतूच्या शोधाइतकेच आहे. शोधामुळे रोग पापाचे फळ किंवा घराण्याचा शाप राहिला नाही. निकालाने सांगितले की रुग्ण गरीब असला, कुष्ठालयात बंद असला, तरी त्याच्या शरीरावर डॉक्टरची मालकी नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातून आल्या. एक त्याच्या कर्तबगारीतून, दुसरी त्याच्या चुकीतून.

आपल्याकडे १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये, यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच केली होती. म्हणजे औषध आले, तरी कायद्याच्या पुस्तकातला कलंक पुसायला आणखी साडेतीन दशके लागली. बर्गनच्या सेंट यॉर्गन रुग्णालयातले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. आज तिथे संग्रहालय आहे आणि बर्गनमधली कुष्ठरोगाची दप्तरे २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात आहेत. हॅन्सनचे नाव रोगाला मिळाले. त्या स्त्रीचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. तरी ऑपरेशनआधी संमतीपत्रावर आपण सही करतो, त्यामागच्या हक्काची एक जुनी नोंद तिच्या खटल्यात आहे.