आधी किती घेत होतास?

"सर, ड्रॉन म्हणजे तो उडणारा ना?"

तलासरीत महामार्गापासून चार पावलं आत एक झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान मित्राचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मी तिथल्या जादा खुर्चीत बसतो. बारावी झालेली, आयटीआय केलेली, मधेच सोडलेली अशी सगळी मुलं नोकरीचे अर्ज घेऊन येतात. अर्ज इंग्रजीत असतात आणि बहुतेक पलीकडच्या उंबरगाव जीआयडीसीतले, नाहीतर भिलाड-वापीकडचे. कधी बोईसरचेही येतात. ते भरून द्यायचे, एवढंच माझं काम.

हा मुलगा उधव्याकडचा, वय बावीस-तेवीस. त्याचं बोट दुसऱ्या पानावरच्या एका चौकटीवर होतं : 'लास्ट ड्रॉन सॅलरी'. म्हटलं, उडणारा नाही रे, उचललेला. आधीच्या कंपनीत किती पगार घेत होतास, ते विचारलंय. तो हसला. "उडतोच की पण. दहा तारखेला येतो, पंधराला नसतो."

त्या चौकटीच्या खाली दुसरी चौकट असते, 'एक्स्पेक्टेड सॅलरी', म्हणजे अपेक्षा किती. इतक्या रविवारांत ती चौकट आकड्याने भरलेली मी क्वचितच पाहिली आहे. मुलं ती कोरी सोडतात, नाहीतर कोणीतरी शिकवलेलं ठरावीक वाक्य लिहितात : कंपनीच्या नियमाप्रमाणे. मागचं सगळं सांगायचं आणि पुढचं काहीच मागायचं नाही, असा हा अर्ज. वरची चौकट मात्र कोरी ठेवायची कोणाची छाती होत नाही.

म्हणून आम्ही वरची चौकट भरायला घेतली. हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. त्याला विचारलं, किती मिळायचे? म्हणाला, रोज पाचशे. ड्युटी किती तासांची? बाराची. महिन्याला हजेरी किती? सव्वीस. म्हणजे 13,000. मी आकडा लिहिणार तोच तो म्हणाला, "पण पीएफ कटायचा ना. आणि नव्या कंपनीने पासबुकाची प्रिंट पण मागितलीय."

प्रिंट काढायला मित्राने त्याचा बारा आकडी यूएएन टाकला, मुलाच्या मोबाइलवर ओटीपी आला आणि पासबुक पडद्यावर उघडलं. एका महिन्याच्या ओळीत कामगाराचा हिस्सा 624, मालकाचा 191, पेन्शनचा 433. पीएफ बारा टक्क्यांनी कापतात. 624 ही 5,200 ची बारा टक्के रक्कम. म्हणजे सव्वीस दिवस राबलेल्या मुलाचा पगार ठेकेदाराने कागदावर 5,200 दाखवला होता. मुलाने पासबुक आजवर उघडलंच नव्हतं. तो पडद्याकडे बघत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "हे माझंच आहे ना?"

आता आकडे तीन झाले होते. रोजाप्रमाणे 13,000, पीएफ कापून हातात पडायचे 12,376 आणि सरकारी पासबुकात 5,200. मला गणित शिकवायची सवय, म्हणून झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर मी चौथाही काढला. आठवड्याला 48 तासांपुढचं काम दुप्पट दराने, हा हिशेब 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आला आहे. सहा दिवस बारा-बारा तास, म्हणजे 72. त्यातले 48 साधे आणि 24 दुपटीचे, म्हणजे आणखी 48. एकूण 96 तासांचा मोबदला. आठवड्याचे 3,000 रुपये भागिले 96, तासाला सव्वाएकतीस. आठ तासांचे झाले 250.

"म्हणजे माझा रोज अडीचशे?"

कायद्याच्या भाषेत, हो. पाचशे हा त्याचा रोज नव्हताच, एका रोजात उरकलेलं दोन रोजांचं काम होतं ते. रोजगार हमीचा 2025-26 चा दर महाराष्ट्रात 312 रुपये होता आणि आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरातेत 288. कंपनीत जातो म्हणून गावात ज्याचा भाव वधारला होता, तो गावातल्या रोजगार हमीच्या खड्ड्याच्याही खाली निघाला.

शेवटी चौकटीत आम्ही 13,000 लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरात 'बारा तास'.

पुढच्या रविवारी तो आला तो नोकरी लागल्याचं सांगायला. केबिनमध्ये साहेबाने अर्ज उलटवला, ती चौकट बघितली आणि तरी तोंडाने विचारलं, "आधी किती घेत होतास?" याने पाचशे सांगितले. साहेब म्हणाला, चल, पाचशेवीस देतो. ड्युटी बाराचीच. मुलगा खूश होऊन बाहेर पडला. संध्याकाळी परतताना इको गाडीत त्याच दिवशी लागलेला दुसरा मुलगा शेजारी बसला होता. काम तेच, मशीन तेच, पाळी तीच. तो आधी बोईसरला होता, त्याने 560 सांगितले होते. त्याला सहाशे मिळाले.

"ऐंशी रुपये रोजचे, सर. मी तोंड उघडलं म्हणून गेले."

तेव्हापासून मी या प्रश्नाची क्रियापदं ऐकू लागलो. गावात कोणी कोणाला विचारतं तेव्हा प्रश्न असतो, "किती देतात रे?" किंवा, "हातात किती पडतात?" देणारा तिकडे, कंपनीत असतो. बरं-वाईट जे काय असेल ते देणाऱ्याचं. केबिनमध्ये तोच प्रश्न "किती घेत होतास?" असा होतो. चहात साखर किती घेतोस, असं विचारावं तसा. जणू कमी पगार ही त्या मुलाची सवय आहे, त्याच्या प्रकृतीला तेवढाच मानवतो. मागच्या ठेकेदाराने मारलेला पैसा या एका शब्दाने मुलाच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या कंपनीपर्यंत त्याच्यासोबत इकोत बसून जातो.

या भागात मजुरी ही कधी लपवायची गोष्ट नव्हती. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाडीत बांबूला जाळी लावून फळं उतरवणाऱ्याचा रोज किती आणि खाली बसून फळं निवडणाऱ्या बायकांचा किती, हे वाडीवर पहिल्यांदा आलेल्यालाही माहीत असतं. बायकांचा कमी का, यावर वाडीतच भांडता येतं, कारण दोन्ही आकडे उघड असतात. झाईचे खलाशी सौराष्ट्राच्या बोटींवर हंगामाला निघतात, तेव्हा तांडेलाला काय नि नव्या पोराला काय, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असतं. रोजगार हमीचा दर तर सरकारच जाहीर करतं. मोजमापात हातात कमी-जास्त पडले तरी कशापेक्षा कमी पडले, हे बाईमाणसालाही सांगता येतं. आणि शाळामास्तरचा पगार? माझा पगार वेतन आयोगाच्या तक्त्यात छापलेला होता. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने तर सरकारी कार्यालयांनी आपल्या कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आपणहून जाहीर करायचं असतं. बढतीच्या वेळी मला कोणी विचारलं नाही, की मास्तर, आधी किती घेत होतात?

कर्जाचा हिशेब राबणाऱ्यापासून लपवायची रीत मात्र इथे होती. झरी गाव याच तालुक्यातलं, 1945 मध्ये ते उंबरगाव तालुक्यात होतं. त्या वर्षी 23 मे रोजी तिथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन या भागात आले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको जमीनदाराकडे जन्मभर राबायची, त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती होतं आणि फिटलं किती, हे फक्त सावकाराच्या चोपड्यात. राबणाऱ्याबद्दल मालकाला सगळं ठाऊक आणि राबणाऱ्याला स्वतःबद्दलही काही नाही. झरीला ठरलं की वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळी चालवली, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

लाल बावट्याच्या या इतिहासाबद्दल गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलं आहे. मला त्यातली गवताच्या वजनाची मागणी पुन्हा पुन्हा आठवते. पाचशे पौंडांना अडीच रुपये. हा गवताचा भाव होता, माणसाचा नव्हे. कापणाऱ्याने गेल्या वर्षी किती घेतले होते, याला त्या काट्यावर जागा नव्हती.

याचा अर्थ पगार चव्हाट्यावर मांडावा असा नाही. बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात, आणि पगार झाकायला लोकांपाशी कारणं असतात. उसने मागणारा मेहुणा असतो. दारूसाठी हात पसरणारा नवरा असतो. पण या म्हणीचा उलटा वापर कारखान्यांनी शिकून घेतला आहे. कामावर लागताना मालकाला पगार सांगावाच लागतो, आणि लागल्यावर शेजारच्या मशीनवरच्याला सांगायचा नाही, अशी तंबी मिळते. ज्याच्यापासून लपवायचा त्याला उघड आणि ज्याच्याशी ताडून बघायचा त्याच्यापासून गुप्त. त्या दोन मुलांची गाठ इकोत पडली नसती, तर ऐंशी रुपयांचा पत्ता कोणालाच लागला नसता.

बायकांचा अनुभव आणखी वेगळा. डहाणूत फुगे बनवण्याचा धंदा जुना आहे. तिथे नगावर पॅकिंग करणारी एक मुलगी मोठ्या कंपनीचा अर्ज घेऊन आली. तिची ती चौकट भरेना. जितकं पॅकिंग तितके पैसे, घरी आजारपण निघालं की महिना अर्धा. स्लिप नाही, पासबुक नाही. तिने सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा सांगितला. "जास्त सांगितला आणि त्यांनी कागद मागितला तर?" कागद नाही म्हणून खरं बोलायलाही ती घाबरत होती.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2016 मध्ये असा कायदा केला, की नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायचा नाही. 2018 मध्ये तो लागू झाला. मागे मुद्दा हाच होता, की बाईला एकदा कमी मिळाले की पुढच्या प्रत्येक नोकरीत तेच कमी तिच्या मागे लागतं. युरोपीय संघाने 2023 मध्ये तसाच नियम काढला आणि 7 जून 2026 ही सदस्य देशांना मुदत दिली. त्यात जुना पगार विचारायचा नाही, इतकंच नव्हे, तर आपण किती देणार हे मालकाने आधी सांगायचं आहे. आपल्याकडे 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पगाराची चिठ्ठी देणं तिच्यात आहे, वेतनात आणि भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये हेही आहे. जुना पगार विचारू नये, हे नाही.

एक ठेकेदार हजेरीपटाच्या झेरॉक्स काढायला दुकानात येतो, बोलायला मोकळा माणूस. त्याला विचारलं, कशाला विचारता रे? तो म्हणाला, "सर, आमचा रेट कंपनीशी ठरलेला असतो. पोरगा कमीत येत असेल, तर वरचे मी का सोडू? पण फार कमी दिला तर आठ दिवसांत पळतो. म्हणून विचारतो, किती दिले की टिकेल." म्हणजे रेट आधीच ठरलेला असतो. प्रश्न त्यातलं किती मुलापर्यंत पोचू द्यायचं, याचा असतो.

हे ऐकल्यावर मित्राने दुकानात एक शंभर पानी वही ठेवली. मुलं अर्ज भरायला आली की त्यांनी तिच्यात एक ओळ लिहायची. काम कसलं, ड्युटी किती तासांची, हातात किती पडतात. मुलाचं नाव नाही, कंपनीचंही नाही, नुसता भाग : उंबरगाव, भिलाड, बोईसर. पहिल्या महिन्यात दीड पान भरलं. वही काउंटरवर सुतळीने बांधलेली असते, पेनसुद्धा. आता मुलं अर्जाआधी वही उघडतात, बोट फिरवत आपल्या कामाची ओळ शोधतात.

मागच्या रविवारी उधव्याचा तो मुलगा पुन्हा आला, नवा अर्ज घेऊन. वही बघितली, मग अर्जाचं दुसरं पान काढलं. वरची चौकट सोडून त्याने आधी खालची भरायला घेतली. स्वतःच्या हाताने लिहिलं, आठ तासांचे, आणि पुढे आकडा. मग पेन माझ्यापुढे धरून म्हणाला, "वरचं तुम्ही बघा, सर. त्या ड्रॉनचं काय करायचं ते."